चिठ्ठीनं दिलेलं राज्य

१३ डिसेंबर २०१२, गुरुवार

मी सरपंच झाले. लिहून पाहिलं तरी पटत नाही. जन्मभर सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून राबले, निम्म्या गावाची नाळ या हातांनी कापली, आणि आज त्याच गावाच्या खुर्चीत बसून घरी आले. आमचे हे, म्हणजे भूपेंद्र, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, दारातच सलाम ठोकून उभे. म्हणाले, "या सरपंचीण बाई! वरणात मीठ टाकाचं रायलं हाय, तेवढं टाका अन् मंग राज्य करा."

झालं ते असं. आम्ही सात सदस्य. त्यातले विणकर आळीचे वासुदेवराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला. उरलो सहा. तीन हात मला, तीन हात राइस मिलवाल्या भोजराजला. तहसीलचे साहेब म्हणाले, आता ईश्वरचिठ्ठी. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, कोतवालाला डोळे मिटून हात घालायला सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी उघडली आणि माझं नाव वाचलं. मला एकदम शौल राजा आठवला. इस्राएलाचा पहिला राजा असाच चिठ्ठीनं निघाला होता. आणि हे माणसांचं काम असूच शकत नाही असं मला तिथल्या तिथं वाटलं.

खरं तर मी उभी राहिले ती एका कामासाठी. तलावाच्या पाळीजवळ आमच्या ख्रिस्ती कुटुंबांची दफनभूमी आहे. जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या काळात कुणीतरी तोंडी दिलेली, कागदावर कुठंच नाही. कधी कोणी म्हणतो तिथं सभामंडप बांधू, कधी कोणी मुरूम टाकतो. आमची रंजिता तिथं आहे. चौथीत होती, मेंदूज्वरानं गेली. हे रोज तिथं जाऊन गवत उपटतात. यांनीच मला उभं केलं. म्हणाले, "एवढं एक काम कर माय. ती जागा दफनभूमी म्हणून पंचायतीच्या कागदावर चढव. मंग मी पोरीजवळ जाऊन निवांत झोपतो." हसत म्हणाले, पण मी ओळखते यांना.

१६ डिसेंबर, रविवार

पास्टर टेकचंद दर रविवारी तुमसरहून मोटारसायकलनं येतात. तरुण आहेत, काडीसारखे बारीक, पण आवाज असा की कौलं हलतात. आज त्यांनी देव आपला माणूस कसा निवडतो यावरच उपदेश केला. सगळे माझ्याकडे पाहत होते. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भगिनी, लोकांनी निवडलं असतं तर लोकांचं ऐकावं लागलं असतं. तुम्हाला देवानं निवडलंय. या गावात आता देवाचं राज्य सुरू झालं." मी हुंदके देऊन रडले. एवढ्या वर्षांत मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं.

घरी येताना यांनी विचारलं, "पहिल्या सभेत जागेचा विषय घेशीन ना?" मी म्हटलं, "अहो घेते ना. जागा काय पळून चालली का?" हे मागे राहत होते, मधेच थांबून तलावाकडे पाहत होते. पूर्वी मीच मागे राहायची आणि हे ओरडायचे.

१० जानेवारी २०१३

पहिली मासिक सभा. मी उभी राहून प्रभू येशूच्या नावानं प्रार्थना केली. वासुदेवरावांनी काळा चष्मा सांभाळत हात जोडले. भोजराजनं डोळे मिटले आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं. अश्वजित तेवढा टेबलावर पेन आपटत बसला. हा मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. याच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती.

"मावशी, हे पंचायत हाय," तो म्हणाला. "प्रार्थना घरी करत जा."

मी म्हटलं, "तू आईच्या पोटात उलटा होतास, तेव्हा मी कोणाला हाका मारत होते रे? तेव्हा तर तुझ्या घरचं कोणी नको म्हटलं नाही." सगळे खो खो हसले. तोही हसला. मग म्हणाला, "तवा तू नर्स होती, सरपंच नोहती." आगाऊ पोरगा!

सभा संपल्यावर भोजराज जवळ आला. "बाई, प्रार्थनेचं ठरावातच घालून टाका. मी सही करतो. धर्माचं काम हाय." हरला बिचारा, उपसरपंचपदावर भागवलं, पण मनात काही ठेवलं नाही. असे मोठ्या मनाचे लोक आहेत म्हणून चाललंय.

जागेचा विषय राहिला. पुढच्या वेळी.

२७ जानेवारी, रविवार

काल ग्रामसभेत मोठं काम झालं.

आमचा आठवडी बाजार रविवारी, आणि तोही प्रार्थनाघरासमोरच भरतो. आत आम्ही गुडघे टेकतो आणि बाहेर आलू-कांद्यांचा ओरडा. आमचेच काही विश्वासी टोपली घेऊन बाहेर बसलेले. पास्टर म्हणाले, देवाच्या राज्यात देवाचा दिवस असा तुडवला जातो का? मलाही ते टोचत होतं. म्हणून ठराव मांडला: रविवार हा प्रभूचा दिवस असल्यानं बाजार सोमवारी भरेल.

अश्वजित ताडकन उठला. "कोणाचा प्रभू? माह्या आज्याचा की मासोळीवाल्या बेबीबाईचा?" भोजराजनं त्याला खाली बसवलं. "धर्माच्या कामात आडवं येऊ नये," म्हणाला, आणि स्वतः अनुमोदन दिलं. माणसं थोडी होती, ठराव मंजूर झाला. मी देवाचे आभार मानले.

दफनभूमीचा विषय शेवटी ठेवला होता. तोवर लोक उठून गेले होते. ग्रामसेवक म्हणाला, आता कोरम नाही. हे इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून शेवटच्या बाकावर बसले होते. मी घरी आले तर भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपलेले. जेवले नाहीत. रुसले असतील.

१८ फेब्रुवारी, सोमवार

नवा बाजार पाहायला गेले. पालं मोजकीच. सोमवारी रस्त्यापलीकडच्या मोठ्या गावचा बाजार असतो, माणसं तिकडे जातात, हे मला माहीत होतं. पण देव मार्ग काढेल असं वाटलं होतं.

बेबीबाई सुकी मासोळी घेऊन बसली होती. तिनं मला पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवला. "नर्सबाई, पहाटपासून माह्यासमोर एक कुत्रं तेवढं येऊन गेलं. तुह्या देवाले इतवारी आराम पाह्यजे तं त्यानं करावा. मले काहून घरी बसवून राहिली?"

मी तिला समजावलं की देवाच्या आज्ञेत राहणाऱ्याला आशीर्वाद मिळतो.

"आशीर्वाद चुलीवर शिजत नाही बाई," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालती झाली. तिची तिन्ही बाळंतपणं मी केली. बोलायची पद्धत तरी पाहा!

काल उपासनेच्या वेळी मात्र काय शांतता होती! विश्वासी वाढले नाहीत, पण शांतता होती.

७ मार्च

यांना आजकाल नवाबी सुचते आहे. तीन उशा एकावर एक रचून बसून झोपतात. विचारलं तर म्हणतात, "ड्रायव्हर मानूस, बसून झोपाची आदत हाय." एवढी वर्षं कुठं होती ही आदत? परवा नवी रबरी चप्पल आणली, ती एक नंबर मोठी. म्हातारपणी पाय वाढतात का कोणाचे? "जुनी चावते," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला आता सगळंच चावतं. मी सरपंच झाले तेही चावतं." चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

३१ मार्च, ईस्टर

पहाटे गावातून फेरी काढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही गल्लीबोळ टाळून मुख्य रस्त्यानं गेलो. भोजराजनं मिलसमोर सरबत ठेवलं होतं. पास्टर म्हणाले, पंचायतीच्या फाटकावर एक क्रूस शोभून दिसेल. मी म्हटलं, पाहू.

वाटेत अश्वजितचं दुकान लागलं. मी हाक मारली. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार सरपंच मॅडम." मावशी म्हणाला नाही. सणाच्या दिवशी उगाच मन खट्टू झालं.

२ मे

कालची ग्रामसभा झालीच नाही. माणसंच आली नाहीत. दफनभूमीचा विषय या वेळी मी पहिला ठेवला होता, शपथ! रिकाम्या सतरंज्यांसमोर मी आणि ग्रामसेवक बसून राहिलो.

घरी येऊन मी तोंडसुख घेतलं. या गावाला देव नको, काम नको, काहीच नको. हे खाटेवर बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "लोक कायले येतीन? तू त्यायचा बाजार नेला."

"मी नाही नेला. देवाचा दिवस देवाला दिला."

"प्रभूले राजा कराले लोक आले होते ना? जबरीनं धरून न्याले? तं तो काय म्हणाला, द्या बा खुर्ची? सटकन डोंगरावर पयाला." एवढं बोलताना यांना दोनदा थांबून दम घ्यावा लागला. "अन् तुले चिठ्ठी निंघाली तं तू बसूनच गेली."

मला असा संताप आला! म्हटलं, "स्टेअरिंग धरणाऱ्यानं मला शास्त्र शिकवू नये." यांनी मान खाली घातली. नंतर मला वाईट वाटलं, पण जाऊन तसं बोलले नाही. उन्हानं यांना धाप लागत असावी. भंडाऱ्याचा मे महिना कोणाला सोसतो?

११ जुलै, गुरुवार

अविश्वास ठराव आला. पाच हात वर झाले. भोजराज, त्याचे दोघे, अश्वजित. आणि वासुदेवराव. हात वर करताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाई, आमच्या आळीतले लोक इतवारी लुगडी विकत होते. त्यायले मी काय सांगू?" म्हणाले.

भोजराज सरपंच झाला. नारळ फोडला, गावदेवाच्या नावानं जयजयकार झाला. मी हरकत कशी घेणार? सभा प्रार्थनेनं सुरू करायचा ठराव फेब्रुवारीत मीच भोजराजच्या सहीनं करून घेतला होता.

पास्टरांना फोन केला. म्हणाले, हा छळ आहे, भगिनी, छळ. आनंद करा. मला आनंद होत नाही. देवा, दिलंस तर चिठ्ठीनं दिलंस. काढून घेतलंस ते कशानं?

१४ जुलै, रविवार

काल हे तलावाच्या पाळीवर पडले. धानाच्या रोवणीला निघालेल्या बायांनी पाहिलं म्हणून बरं. मी धावत गेले. चप्पल काढली आणि पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. दुसरा पायही तसाच. गुडघ्यापर्यंत.

मी नर्स. परक्या बायांच्या पायांची सूज मी फाटकातून ओळखत होते. तीन उशा, मोठी चप्पल, मागे राहणं, दम घेत बोलणं, सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला ते रुसणं वाटत होतं!

भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार आधी आणायला हवं होतं. मी पदर तोंडात कोंबून व्हरांड्यात बसले. देवाला काही विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

१६ ऑगस्ट

यांना घरी आणलं. औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं.

काल ग्रामसभा होती. मी गेले नव्हते. संध्याकाळी वासुदेवराव येऊन दारात उभे राहिले, आत येईनात. मग सांगितलं. भोजराजनं ठराव केलाय: तलावाची पाळ गावदेवाच्या ठाण्याजवळ असल्यानं, गावाच्या श्रद्धेच्या कारणास्तव तिथं यापुढे दफन होणार नाही. जुन्या कबरी राहतील. नवं माणूस भंडाऱ्याला न्यावं.

मी वासुदेवरावांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

२९ ऑगस्ट

भोजराजकडे गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, हात जोडूनच बोलत होता.

मी म्हटलं, "भोजराज, माझ्या माणसाचे थोडे दिवस राहिले. तिथं माझी पोरगी आहे. एवढं करू नकोस."

"मी कोण करणारा बाई?" तो म्हणाला. "हे मले तुमीच शिकवलं. धर्मासाठी पंचायत गावाचा दिवस बदलवू शकते, हे मले तरी कुठी मालूम होतं? मी म्हटलं, दिवस बदलते तं जागा काहून नाही बदलणार? तुमच्या ठरावाले मी सही देली. आता तुमी माह्या ठरावाले नाव ठेवाल तं बरं दिसते काय?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो खोटं काहीच बोलत नव्हता. सरबत, आमेन, धर्माचं काम, सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी चहा पिऊन आले. पाहुणचार नाकारण्याइतकंही बळ अंगात नव्हतं.

८ सप्टेंबर, रविवार

यांच्यापासून लपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. मी उशी नीट करत होते. यांनीच विचारलं, "जागेचं काय झालं वो?" सांगून टाकलं. यांनी छताकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "मंग मले कुठी ठेवशीन?"

रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. "रंजिता एकटी राहीन," म्हणाले आणि डोळे मिटले.

चुलीवरचं तसंच टाकून मी अश्वजितच्या दुकानात गेले. तो मोटारीला तार गुंडाळत होता. मी म्हटलं, "तू माझ्या विरुद्ध हात वर केलास, तुझं बरोबर होतं. आता मला सांग, मी काय करू?"

त्यानं तार खाली ठेवली. स्टूल पुसून दिलं.

"दोन ऑक्टोबरची ग्रामसभा हाय. मी ठराव आणतो. धर्माच्या कारणानं केलेले सगळेच ठराव रद्द. प्रार्थनेचा, बाजाराचा, दफनाचा. पंचायत धर्मासाठी कोणाचं काही काढणार नाही, कोणाले काही देणार नाही."

"आणि आमची जागा?"

"बाकी गावाले मसनवट हाय ना? तशीच तुमची. देवाची म्हणून नाही, गावातल्या मानसायची म्हणून चढवू." मग तो थोडा घुटमळला. "पण अनुमोदन तुले द्या लागते. उठून बोला लागते. मी बोललो तं भोजराज म्हणते, हा बौद्ध, याले देवाचं काय पडलं? तू बोलली तं कोणाच्या तोंडात काही राहत नाही."

मी विचार करून सांगते म्हटलं.

२२ सप्टेंबर, रविवार

उपासना झाल्यावर पास्टरांना सांगितलं. म्हणाले, "भगिनी, जे देवाचं होतं ते तुम्ही स्वतःच्या हातानं कैसराला, सरकारला, परत देणार? प्रभूचा दिवस बाजाराला देणार? हे नाकारणं आहे. उद्या प्रभू तुम्हाला नाकारेल."

मी भ्याले. खरंच भ्याले. लहानपणापासून या एका वाक्याला मी भीत आले आहे.

म्हटलं, "पास्टर, ते आजारी आहेत. एकदा घरी येऊन त्यांच्याजवळ बसता का?"

"आधी तुमचा निर्णय सांगा," ते म्हणाले.

मग माझी भीती गेली. कशी गेली ते सांगता येत नाही. मी घरी येऊन यांचे पाय कोमट पाण्यानं पुसले. यांनी डोळे किलकिले करून पाहिलं आणि म्हणाले, "सरपंचीण बाई, आज कोनती सभा हाय?" मी हसता हसता रडले.

२ ऑक्टोबर, बुधवार

ग्रामसभेला सतरंज्या पुरल्या नाहीत. अश्वजितनं ठराव वाचला. अनुमोदन कोण देतं म्हणून विचारलं आणि मी उठले.

भोजराज खुर्चीत पुढं सरकला. आवाज तोच, मऊ. "बाई, तुमाले तं देवानं बसवलं होतं. सगळ्या गावात तुमी सांगितलं. त्याच देवाचे ठराव आता रद्द करून राहिल्या. मंग देव चुकला का तुमचा?"

माझ्या मागं आमची मंडळी बसली होती. पास्टरही आले होते, दाराशी उभे. मी काहीच ठरवून गेले नव्हते. जे आलं ते बोलले.

"देव नाही चुकला भोजराज. डब्यात दोन चिठ्ठ्या होत्या, एक निघाली. एवढंच झालं. त्यात देवाला मी घुसवलं. मला बरं वाटत होतं म्हणून घुसवलं. माझ्या सहीशिवाय ज्याचा दिवस पवित्र होत नाही, असा देव माझा नाही. माझ्या प्रभूनं कोणाचं पाल उठवायला मला सांगितलं नव्हतं. बेबीबाई, बाजार इतवारी भरू द्या. आम्ही आत बसू, आवाज आला तर येऊ द्या. आणि तुमच्या देवालाही भोजराज, माझ्या म्हाताऱ्याच्या मातीची अडचण होत असेल असं मला वाटत नाही. मला पंचायतीत देव नको. मला तलावाच्या पाळीवर एक माणूस मावेल एवढी जागा द्या."

एवढं बोलून मी खाली बसले. मग पुढच्या रांगेत वासुदेवरावांचा हात वर गेला. त्यांच्या मागं विणकर आळी. बौद्ध वस्तीचे हात तर आधीच वर होते. बेबीबाई मात्र कंबरेवर हात ठेवून उभी.

"इतवारचा बाजार पक्का ना?" तिनं विचारलं.

"पक्का," अश्वजित म्हणाला.

"नाही तं मंग पुन्हा या नर्सबाईले सपन पडन." लोक हसले. मग तिनं हात वर केला, आणि तिच्या सगळ्या बाजारवाल्या बायांनी.

भोजराजनं हात वर केला नाही. पण सही त्याला करावी लागली. त्यानं केली आणि टोपी घालून निघून गेला. दाराकडे पाहिलं तर पास्टर नव्हते.

घरी येऊन यांच्या कानाशी सांगितलं. जागा चढली, दफनभूमी म्हणून चढली. यांनी माझा हात शोधला आणि छातीवर ठेवून घेतला. आतली ती थकलेली धडधड मी किती वेळ मोजत बसले.

११ ऑक्टोबर

परवा सकाळी हे गेले. झोपेत, तीन उशांवर.

पास्टरांना फोन केला. म्हणाले, या परिस्थितीत मला येता येणार नाही. मी बरं म्हटलं. वचन मीच वाचलं, प्रार्थना मीच केली. खड्डा अश्वजितनं आणि विणकरांच्या पोरांनी खणला, रंजिताच्या उजव्या अंगाला. मला चक्कर आली तर अश्वजितनं खांदा धरला. "मावशी, बस जरा," म्हणाला. मी ओल्या मातीतच बसले.

घर फार मोठं झालंय. दुसरं काही लिहवत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

पास्टर दुसऱ्या गावी उपासना घेतात असं कळलं. आमच्यातली काही घरंही तिकडेच जातात. आज प्रार्थनाघरात आम्ही थोडीच माणसं होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून मी पुढं झाले.

बाहेर बाजार भरला होता. बेबीबाईचा आवाज तर भिंत फोडून आत येत होता. कोणीतरी खिडकी लावायला उठलं. मी राहू द्या म्हटलं.

अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायची वेळ आली. राष्ट्रपती झाले, प्रधानमंत्री झाले, मुख्यमंत्री झाले. मग आमचं गाव. तिथं माझी जीभ अडली. जुलैपर्यंत या जागी पास्टर माझं नाव घ्यायचे, आणि मी डोळे मिटून ते ऐकत असे. मंडळी वाट पाहत होती. मी भोजराजचं नाव घेतलं. त्याला शहाणपण मिळो, त्याच्या हातून गावाचं बरं होवो, असं मागितलं. त्यानं आमच्या देवाला मानावं असं मागितलं नाही. वाक्य पुरं केलं.

मग प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हटली. त्याचं राज्य येऊ दे, अशी विनवणी आहे तिच्यात. बोलायला लागले तेव्हापासून ती ओळ मी म्हणते आहे, बाळंतिणींच्या उशाशी बसून म्हटली आहे, रंजिताला माती देताना म्हटली आहे. आज त्या ओळीवर मी गप्प झाले. ते राज्य त्याच्यापाशी मागायचं असतं. मी तर सहीशिक्का घेऊन ते चालवायला बसले होते, आणि माझा माणूस मागच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून वाट पाहत होता.

मी गप्प राहिले तरी बाकीचे थांबले नाहीत. मग रोजच्या भाकरीची ओळ आली. ती त्यांनी मोठ्यानं म्हटली, बाहेर ओरडा होता म्हणून जरा जास्तच मोठ्यानं, आणि तिथून मीही त्यांच्यात मिसळले.